नथू आचाऱ्याचे जर्मन गोळे

नथूच्या हातचं गावात कुणी खात नव्हतं, आणि नथूने आणलेलं कुणी सोडत नव्हतं. नाताळात तो तुंगार्लीहून घरी यायचा तेव्हा त्याच्या पिशवीत दालचिनी घातलेली, चांदणीच्या आकाराची बिस्किटं असायची. कान्हे स्टेशनावर उतरून वाडीत पोचेपर्यंत पिशवी निम्मी व्हायची. पोरं खायची, पोरांच्या आया पोरांच्या हातातलं मोडून चव बघायच्या, आणि मग पदराने तोंड पुसून म्हणायच्या, “काय बी म्हना, त्या सैपाकघरात डुक्कर शिजतंय.”

शिजायचं, हे खरं होतं. तुंगार्लीच्या तळ्याजवळ एका जर्मन कंपनीचा बंगला होता आणि नथू तिथला आचारी. साहेब बदलत, त्यांच्या बायका बदलत, नथू तोच राही. पहिल्या उर्सुलाबाईने त्याला सगळं शिकवलं. काळा, आंबट, विटेसारखा पाव, जो त्याने एकदा कौतुकाने घरी आणला आणि बायकोने, अनिताने, वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावून ठेवला. सफरचंद घालून शिजवलेला लाल कोबी. रविवारचा आलुबुखाराचा केक. आणि बटाट्याचे गोळे. उकडलेला बटाटा किसायचा, पीठ मिसळायचं, मुठीएवढे गोळे वळून मिठाच्या पाण्यात सोडायचे. ते आधी तळाशी जातात. मग आपल्या मर्जीने वर येतात. उर्सुलाबाई पातेल्यापाशी हाताची घडी घालून उभी राहायची, पाण्याला खळखळून उकळी फुटू द्यायची नाही, आणि एकेक गोळा वर येईल तशी मान हलवायची. नथूला तिची भाषा कळत नव्हती. ते उभं राहणं मात्र कळलं. त्याचा बाप आमटीपाशी असाच उभा राहायचा.

गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी सगळा गाव जेवायचा आणि त्या दिवशीची आमटी नथूच्या बापाची. सुकं खोबरं निखाऱ्यावर काळं होईतो भाजायचं, धने-तीळ पाट्यावर वाटायचे, आणि उतरवण्याआधी कढईपाशी हाताची घडी घालून उभं राहायचं. गावाला बापाच्या हातातलं ते आमटी ढवळायचं मोठं वगराळं देवळाच्या कळसाइतकंच ओळखीचं होतं. बाप गेला तेव्हा ते नथूकडे यायला हवं होतं. सप्ताहाच्या समितीने बैठक घेतली आणि नथूच्या हाताला विटाळ आहे असं ठरवलं.

समितीचे अध्यक्ष रखमाजी आबा. गळ्यात तुळशीची माळ. कुणाच्या हळदीचं मटणाचं जेवण आलं की ती माळ ते खुंटीला अडकवत, पण अडकवताना तिला नमस्कार करत. वगराळं त्यांच्या पुतण्याकडे, आदिनाथकडे गेलं. आदिनाथ केटरिंगवाला. लोणावळ्याच्या रिसॉर्टांना त्याच्याच टेम्पोतून कोंबडीची बिर्याणी जायची. पण तो विटाळ टेम्पोच्या चाकांना लागतो, हाताला नाही, असं समितीचं मत पडलं. आदिनाथच्या आमटीत पाकिटातला मसाला असायचा. नथू दर वर्षी शेवटच्या पंगतीत बसून ती आमटी भातात कालवायचा आणि बापाला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखा घरी यायचा.

मग कंपनीने देवळाच्या सभामंडपावर पत्रा घालून द्यायचं मनावर घेतलं. पुण्यात राहणारे, नथूने अजून न पाहिलेले नवे क्लाउस साहेब स्वतः काल्याला येणार, जागा बघणार आणि मग ठरवणार. दुसऱ्याच सकाळी आबा नथूच्या ओट्यावर हजर.

“नथू, साहेबाला घरच्यावानी वाटाया पायजे. त्यांचं काय जेवान असतंय ते तू कर.”

“माझ्या हाताला विटाळ हाय न्हवं, आबा?”

“पाव्हन्यासाठी चालतंय. गोमूत्र शिपडू.”

आतून अनिता म्हणाली, “बादलीभर आना, आबा. लय वर्सांचं हाय.”

नथूने अंगणातल्या कोंबडीकडे बघत विचारलं, “आनि आमटी?”

आबांना प्रश्न लगेच कळला. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “साहेबाला तुजं जेवान आवडू दे. पत्रा मिळू दे. फुडल्या सालापासनं आमटी तुजी.”

“देवळाच्या देखत बोला.”

आबा देवळाकडे वळले आणि तेच पुन्हा बोलले. त्यानंतर समितीने अटी घातल्या. मांस अर्थातच नाही. अंडं नाही. कांदा-लसूण नाही. साहेबांची दारू तर नाहीच. शिजवायचं देवळाच्या चुलीवर, देवळाच्या भांड्यांत. नथूच्या घरचा चमचासुद्धा चालणार नाही.

“मंग जर्मनीचं काय ऱ्हायलं?” नथूने घरी येऊन अनिताला विचारलं.

“मीठ,” अनिता म्हणाली.

मीठ होतं, म्हणून त्याने कोबीपासून सुरुवात केली. बारीक चिरून, मीठ चोळून, देवळाच्या कोठीतल्या लोणच्याच्या बरणीत दाबून भरला आणि वर दगड ठेवला. काही आठवड्यांत तो आपोआप आंबतो. कोबी आंबू लागला आणि बरणी रात्रंदिवस बुडबुडू लागली. तो वास पहिल्यांदा पुजाऱ्याला आला, मग समितीला. देवाच्या कोठीत नथू हातभट्टी लावतोय, ही बातमी कामशेतच्या बाजारातून फिरून परत गावात आली तेव्हा बरणीचं पिंप झालं होतं.

आता चाखणार कोण? माळकरी चाखणार नाहीत आणि बाकीचे पुढे होईनात, कारण चव ओळखली तर ओळख कुठली, असा प्रश्न आला असता. मग डोंगरावरच्या वस्तीतल्या कोंडूला बोलावलं. तो आबांच्या बांधावर गवत कापायला आला होता.

“तुला दारूतलं कळतंय. चाखून सांग.”

“मला?” कोंडू म्हणाला. “सरपंचास्नी इचारा की. त्यांची अन् माजी भट्टी एकच, पन माज्या आदी तेच घेत्यात.”

कोंडूने चिमूटभर कोबी तोंडात टाकला, सावकाश चावला. “दारू न्हाई. नुसतं आंबाट हाय. ब्येस लागतंय पन.”

दारू नाही हे सिद्ध झालं, तर आबांना दुसरं सुचलं. आंबलेलं म्हणजे शिळं, आणि शिळं देवाच्या चुलीवर कसं चढवायचं? बरणी विटाळली म्हणून तीही ठेवायची नाही. कोंडू बरणी खांद्यावर घेऊन डोंगर चढून गेला. अख्ख्या गावात जर्मन जेवण जर कुणी नीट जेवलं असेल, तर ती कोंडूच्या घरची माणसं.

राहिले गोळे. काल्याच्या दिवशी नथूने अंगावर गोमूत्र घेतलं आणि बापाच्या चुलीसमोर बसला. अंडं नव्हतं म्हणून तांदळाची पिठी जास्त घातली. गोळे तळाशी गेले, आणि नथूही हाताची घडी घालून उभा राहिला. पहिला गोळा वर आला तेव्हा त्याला खरोखर वाटलं, पुढच्या वर्षी आपण इथेच, याच धुरात, खोबरं भाजत असू.

आदिनाथ मागून डोकावला. “पांढरं फटक दिसतंय राव. आजाऱ्याचं वाटतंय.”

“तसंच असतंय ते.”

“आरं पन फोटो निघनार हाईत!” असं म्हणून, नथू पाणी आणायला वळला तेवढ्यात, आदिनाथने गोळ्यांवर हळद, मोहरी, कढीपत्त्याची फोडणी ओतली. आबांनी वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर भुरभुरली. मन लावून भुरभुरली.

क्लाउस साहेब मांडी घालायचा प्रयत्न करत पंगतीत बसले. शेजारी कंपनीच्या पुण्याच्या शुभदा मॅडम, दुभाषी म्हणून. साहेब होते जर्मनीच्या पार उत्तरेचे, समुद्राकाठचे, लहानपणापासून मासे खाणारे. उर्सुलाबाई दक्षिणेची, डोंगराकडची. एकाच देशात दोन ताटं असतात हे नथूला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी गोळा मोडला, खाल्ला, डोळे मोठे केले, दुसरा मागून घेतला. मग ते मॅडमशी बराच वेळ बोलले.

“सर विचारतायत,” शुभदा मॅडम म्हणाल्या, “हा तुमच्याकडचा पारंपरिक पदार्थ ना? नाव काय याचं? म्हणतात, असं आयुष्यात कधी खाल्लं नाही.”

पंगतीत वाढणारे थांबले. नथू पुढे झाला. “मॅडम, साहेबांना सांगा, ह्ये त्यांच्याच—”

आबांनी त्याचा दंड धरला. “मावळी गोळा, मॅडम. लय जुनी परंपरा हाय.”

“किती जुनी?”

आबांनी वर, जिथे पत्रा यायचा होता तिथल्या आभाळाकडे बघितलं. “आमच्या आज्याच्या बी आधीची.”

साहेबांनी उठून नथूचा हात हातात घेतला आणि सोडेचनात. पत्रा तर मिळालाच. शिवाय ही परंपरा बुडू नये म्हणून दर वर्षी काल्याच्या जेवणाचा खर्च कंपनी करेल, आणि साहेब स्वतः गोळे खायला येतील, असं मॅडमनी माइकवरून सांगितलं. गावाने टाळ्या वाजवल्या. नथूनेही वाजवल्या, सगळे वाजवत असताना हात नुसते धरून बसणं अवघड असतं.

पंगती उठल्यावर तो आबांपाशी गेला. “आबा, साहेबाला आवडलं. आता आमटी?”

आबांनी त्याच्याकडे खऱ्या मायेने बघितलं. “येड्या, तुला आता आमटीत कसा घालू? परंपरा कुनी करायची मंग?”

“सकाळी आमटी, मागनं गोळं. दोन्ही करतो.”

“हात एकच असतुय नथू. आमटी आदिनाथ करंल, ती काय कुनी बी करतंय.”

“देवळाच्या देखत बोलला हुता तुमी.”

“तवा पत्रा मिळाला नव्हता,” आबा म्हणाले, आणि सत्काराची शाल आणायला आत गेले.

पुढच्या वर्षी चूल नथूने पेटवली. शाल, नारळ, हार, सगळं मानाने झालं. पुण्याच्या पेपरवाल्याला आबांनी सांगितलं की गोळ्याची ही रीत नथूच्या बापाने जपली, त्याच्या बापाकडून घेऊन. पेपरवाल्याने बापाचा फोटो मागितला. अनिताने दिला. फोटोतल्या बापाच्या हातात वगराळं होतं. छापताना चेहऱ्यापुरता कापून घेतला. शेजारच्या कढईत आदिनाथने पाकीट फोडलं, तेव्हा नथूने मान वळवून पाण्यात बघितलं. गोळे अजून तळाशी होते.

पंगतीत बापाच्या वयाची भागुबाई बसली होती. दात गेलेले, त्यामुळे गोळा तिला सोसला. “ह्ये तुज्या बाचं म्हनं,” ती म्हणाली. “मी तर दर साली जेवले बाबा, मला कसं कदी कुनी वाढलं न्हाई?”

“तुमचं ध्यान आमटीकडं असंल, मावशी.”

“व्हय व्हय, आमटी!” म्हातारीच्या तोंडावर एकदम काहीतरी उजळलं. तिने हात थांबवला. “आमटी लय ब्येस व्हायची तवा. ती कोन करायचं रं?”

नथूने तिच्या पत्रावळीवर आणखी एक गोळा वाढला आणि पुढच्या पानाकडे सरकला.