अर्धवट सोडलेलं झाड

योरिस ब्रॅट अठ्ठावीस वर्षं झाडं पाडत होता. एकही त्याने अर्धवट सोडलं नव्हतं. पडणारं झाड शेजारच्या फांद्यांत अडकलं, तर ते जमिनीवर आणल्याशिवाय तो जेवणाला हात लावत नसे. असं झाड कुणाच्या डोक्यावर कधी कोसळेल, सांगता येत नाही. बायकोचा भाऊ लॉकलन त्याच्या हाताखाली शिकायला होता. तो एकदा असं झाड सोडून घरी आला, तेव्हा योरिसने त्याला कुऱ्हाडीच्या दांड्याने बडवला आणि तसाच रानात परत नेला.

तेरा वसाहतींनी राजाला नाकारलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात राजाची फौज उत्तरेकडून हडसन नदीवर चालून आली. लॉकलन तिच्यात होता. राजाविरुद्ध शपथ घेत नाही म्हणून गावाने त्याला उघडा करून अंगावर कढत डांबर ओतलं होतं. योरिस त्या गर्दीत उभा होता.

वसाहतींच्या बाजूने लढणाऱ्या योरिसच्या टोळीला हुकूम होता, रस्ता अडवा. दोन्ही कडांची झाडं, शेंडे शत्रूकडे करून, एकमेकांवर पाडायची. खोड खुंटापासून पुरतं तोडायचं नाही, म्हणजे ओढून नेता येत नाही. फौज दिवसाला मैलभरसुद्धा सरकत नव्हती.

त्या सकाळी योरिसची बायको मोराग दोन मुलींना बैलगाडीत घालून नदीच्या उताराकडे, पाणी ओलांडायला, निघाली होती. बैल म्हातारे. दुपारपर्यंत रस्ता बंद राहायला हवा होता. पण आज अडथळे भराभर सुटत होते.

"दाजी!" अडथळ्याच्या पलीकडून लॉकलनची हाक आली. "तुमचाच घाव ना हा? वरच्या अंगाला बोटभर लाकूड सोडलंय. दुसरं कोण सोडतंय!"

"ओळखलंस, तर फीर माघारी."

"कशाला? कुठं तोडायचं ते तुम्हीच शिकवलंय. चिलीम ओढून होईस्तोवर मोकळं करतो. ताईला म्हणावं, पानं वाढ, जेवायलाच येतो!"

पलीकडे हशा पिकला. मग गोळी आली. योरिसच्या बाजूच्या माणसाचा गळा फुटला आणि तो कुऱ्हाडीवरच पालथा पडला.

योरिस शेवटच्या अडथळ्यापर्यंत धावला. पुढे उतारापर्यंत मोकळा रस्ता होता. तिथे त्याने रस्त्यावर आडव्या पडलेल्या खोडामागचा उंच हेमलॉक वृक्ष कापला आणि पलीकडच्या मेपलच्या फांद्यांत अडकू दिला. बुडखा खोडाला टेकवला. खोड हललं की सगळं खाली. घाव त्याने नेहमीसारखाच स्वच्छ घातला.

लॉकलन आला. आडव्या खोडावरचा ओळखीचा घाव पाहून हसला. वर पाहिलं नाही. योरिसच्या कामाखाली वर पाहायची गरज कुणाला कधी पडली नव्हती.

चौथ्या घावाला खोड फिरलं. हेमलॉक खाली आला. लॉकलनची छाती आणि आणखी दोघांची डोकी त्याने चिखलात दाबली. लॉकलनचा हात थोडा वेळ माती उकरत राहिला.

एक शिपाई फांद्यांवरून उडी मारून आला. योरिसने संगीन डाव्या हाताने धरली, दोन बोटं गेली. उजव्या हाताने कुऱ्हाड त्याच्या खांद्यात उतरवली. मग पळाला.

मोराग पाण्याच्या काठाशी गाडी थांबवून उभी होती.

"अहो, हात! लॉकलन दिसला का?"

"झाडाखाली गेला."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"अडकून राहिलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. मी ठेवलं."

तिने पराणी उचलून त्याच्या तोंडावर मारली. गाल फाटला. मुली किंचाळल्या. तिने बैल पाण्यात घातले, आणि तो गाडीला हात लावायला गेला तेव्हा पराणीचं टोक त्याच्या छातीवर रोखलं.

"तू चालत ये," ती म्हणाली.

सहा वर्षांनी तह झाला, राजाने देशावरचा हक्क सोडला. गावात तोफा उडाल्या. त्याच आठवड्यात मोराग फावडं खांद्यावर टाकून, भावाची हाडं पुरायला, उत्तरेच्या रस्त्याला लागली. योरिस मागोमाग गेला. जागा त्यालाच ठाऊक होती. त्याने बोट केलं आणि फावडं मागितलं.

तिने ते दिलं नाही.