चमच्याची मूठ आणि नवा हॉटएंड

माझी बायको मशीन उघडून बसली की तिच्याशी बोलू नये, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं. तरी मी बोलतोच. मी उतावळा, ती शांत. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात जी काही शांतता आहे ती तिच्यामुळे.

देवळ्याहून तिचे वडील, आबा, आमच्याकडे राहायला आले ते अर्धांगवायूच्या झटक्यानंतर. उजव्या हाताची पकड गेली होती. कुणी भरवलेलं त्यांना चालत नसे, आणि सांडलेलं कुणी बघू नये म्हणून ते खोलीचं दार लावून एकटेच जेवत. बायकोनं घरच्या थ्रीडी प्रिंटरवर त्यांच्या चमच्यासाठी जाड मूठ छापली. छान झाली, पण कढत पाण्यानं धुतली की मऊ पडून वाकायची. जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरायचं तर प्रिंटरचा हॉटएंड, म्हणजे प्लास्टिक वितळवणारा भाग, बदलायला हवा होता. तिनं नवा मागवला आणि खंडेनवमीला सकाळी बसवला.

पूजेआधी नवी वस्तू वापरायची नाही, हा आबांचा नियम. त्यांनी स्वतः प्रिंटरला हळदकुंकू लावलं, थरथरत्या हातानं झेंडूचं फूल वाहिलं. मग तिनं बटण दाबलं. पहिला थर झकास बसला. दुसऱ्या थराला तापमान घसरलं, मशीन कर्कश ओरडलं आणि बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याला नऊ मिनिटंही दम नाही," मी म्हणालो. "जुनाच बसव परत."

"जुन्यावर आबांची मूठ होणार आहे का?"

आबा दारातून विचारत होते, "मशीन बिघडनं का वं?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन दार लावून घेत होते. त्या दाराचा आवाज तिला लागत होता, हे मला दिसत होतं.

तिच्या जागी मी असतो तर विकणाऱ्याला फोन करून त्याचा उद्धार केला असता. तिनं आधी तापवणाऱ्या कांडीचा स्क्रू आवळला आणि करून पाहिलं. मग तापमान मोजणारा सेन्सर बदलला, परत पाहिलं. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळत नाही," ती म्हणाली. मग काहीच न छापता हॉटएंड नुसता तापवून ठेवला. आकडा जागचा हलला नाही.

"नुसतं तापवलं तर ठीक. बिघडतं ते दुसऱ्या थराला. तेव्हा नवीन काय सुरू होतं?" असं म्हणून तिचं तिनंच उत्तर दिलं, "पंखा!"

छापलेलं प्लास्टिक गार करणारा छोटा पंखा पहिल्या थराला बंदच असतो. ती उठली, देवासमोरची उदबत्ती आणली आणि पंखा लावून धूर तिथं धरला. धूर खाली जायच्या ऐवजी वळून थेट तापलेल्या हॉटएंडवर गेला. मी तोंडात बोटं घातली. काय डोकं आहे हिचं!

तिनं पंख्याचं तोंड सोडवलं. आत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या आणि हवा त्यांच्यामुळे वर वळत होती. मी बोलणार तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि पाकळ्या खिशात टाकल्या.

आबा पुन्हा दारात आले. "काय व्हयनं व्हतं वं?"

"वायर ढिली होती, आबा."

इतकं सहज खोटं तिला बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. उदबत्तीची युक्ती मोठीच, पण मला तिचा खरा अभिमान वाटला तो या खोट्यामुळे.

दसऱ्याला मूठ तयार होती. दुपारी ती आबांचं ताट खोलीत न्यायला उचलणार, तर तेच बाहेर आले आणि आमच्यात बसले. चमचा मुठीत धरला. थोडं सांडलं. आम्ही आपापल्या श्रीखंडात बघत राहिलो. आबांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग भुवया चढवून म्हणाले, "वरन पातय शे."

"हो आबा," एवढंच म्हणून ती डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. ते पातळ वरण मी केलं होतं. माझ्या स्वयंपाकाबद्दलची तक्रार मी आयुष्यात पहिल्यांदाच मुकाट्यानं ऐकून घेतली.