तळवे दाखवून शिकवलेला जमाखर्च

आटपाट पिंप्राळं होतं. तिथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा माझा भानुदास, कॉलेजात कॉमर्स शिकवणारा, पण कच्च्या नोकरीचा. आणि सोबत मी, त्याची माय, शाळेची पायरी न चढलेली. आता काय सांगू बाई तुम्हाला, त्या घराचं वाटोळं मी एका दुपारी, बसल्या जागी केलं!

कॉलेजात तीन पोरं आली होती, पार येमेनहून. बोली अरबी, हिंदी मोडकंतोडकं. मोठे साहेब भानुदासला म्हणाले, "ही पोरं टिकली तर तुमची नोकरी टिकली." म्हणून तो त्यांना घरीही शिकवायचा. पण बचत, कर्ज, अंदाजपत्रक... पोरं नुसती भिंतीकडे बघायची.

मला राहवेना. म्हटलं, "म्हणी सांग रे! थेंबे थेंबे तळे साचे!"

भानुदासनं हिंदीत सांगितलं. त्यातला सालेम म्हणाला, "अम्मा, हमारे गाव में पानीच नहीं. तालाब कैसा?"

घ्या! मग मी आखूड गोधडी अंथरली नि त्यांच्यापुढेच पाय पसरले. "अंथरूण पाहून पाय पसरावे! हा बघ, पाय बाहेर गेला, माणूस कर्जात गेला!"

तिघांचे चेहरे उतरले. मला वाटलं, कळलं नाही. म्हणून दुसरा पाय उचलून सालेमच्या नाकासमोर धरला! तिघं ताडकन उठले, चपला घातल्या नि चालते झाले.

भानुदास रिक्षापर्यंत पळाला. परत आला तो कपाळाला हात लावून.

"माय, काय करी बसनी तू! त्यास्ना देशमा तळवा दखाडना म्हणजे थोबाडीत मारानं शे! गयी मनी नोकरी!"

सांगा आता! ज्या पायांवर अख्खी भावकी डोकं टेकवते, त्याच पायांनी लेकाची भाकरी लाथाडली? चुलीवरचं भरीत तसंच राहिलं. वाटलं, हे पाय घेऊन जावं तरी कुठं?

सकाळी पोरांच्या खोलीवर गेले. पाय लुगड्यात दडवून बसले, हात जोडले. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

सालेम गडबडला. "रोना नहीं अम्मा! हम आएंगे. मगर पढ़ाएंगे सिर्फ सर!"

पोरं आली, टिकली, पास झाली. भानुदासची नोकरी पक्की झाली. घरात पेढे आले. पहिला माझ्या हातावर ठेवून तो काय म्हणाला असेल?

"माय, नंतर तू शिकाडं नही, हाऊच तुना उपकार शे!"