सगळ्या मंडईचे मोबाईल बंद

दिवाळीच्या सुट्टीत गावी, सौंदडला आलो होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, आणि पुण्यातली नोकरी नवी. मंडईच्या, म्हणजे दिवाळीत भरणाऱ्या आमच्या गावजत्रेच्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. आमची कंपनी दवाखान्यांचे सर्व्हर सांभाळते. त्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या सर्व्हरच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणाऱ्या गाभ्यातच, खोट सापडली होती. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीतले पासवर्ड, रुग्णांचे रिपोर्ट वाचता येत होते. दुरुस्ती तातडीने बसवायची होती.

"होईपर्यंत बाहेर कळलं, तर तुझी नोकरी गेली समज," साहेब म्हणाले.

घरी वीज नव्हती. मंडईत जनरेटर होता, म्हणून लॅपटॉप घेऊन भोंग्यावाल्या काकांच्या टेबलाशी बसलो. पण एवढ्या गर्दीच्या मोबाईलांपुढे नेट हलेना.

"काऊन गा बाबू, तोंड काऊन पाडलं?" काकांनी विचारलं.

त्यांचा जनरेटर वापरत होतो, खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. "पण काका, कोणाले सांगू नका."

"मी कायले सांगतो?" म्हणत काकांनी माईक उचलला. "सब भाई-बहन ध्यान द्या! आपल्या गावचा पोरगा दवाखान्याचा कॉम्प्युटर दुरुस्त करून राहिला. पेशंटचे रिपोर्ट चोरीले जाऊन राहिले! त्याले नेट पाहिजे. मी सांगतपर्यंत सगळ्यांनी मोबाईल बंद करा!"

मी माईक ओढायला गेलो, तोवर सांगून झालं होतं. पण मंडईने खरोखरच मोबाईल बंद केले. दंडारीच्या नाचाचा व्हिडिओ काढणाऱ्यांनीसुद्धा. नेट धावू लागलं. मात्र माणसं एकमेकांना सापडेनात. "पिवळ्या लुगड्याच्या मावशी, तुमचे मालक पाळण्यापाशी रडकुंडीले आले!" काका ओरडत होते.

दुरुस्ती बसवून सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. बराच वेळ उत्तर नाही. दंडार थांबली. लुगडं नेसून नाचणारा गडी घुंगरांसकट माझ्या खांद्यावर वाकला.

"मेला का गा?"

"उठून राहिला," मी म्हणालो, आणि खरंच उठला. तपासून पाहिलं. आता कुणाच्या मेमरीतलं कुणाला दिसत नव्हतं.

साहेबांना कळवलं.

"बाहेर कुणाला कळलं नाही ना?"

"सर, सगळ्या मंडईला कळलं. पण सगळ्यांचे मोबाईल बंद आहेत."



"अजून बंद आहेत?"

"हो सर."

"मग तसेच राहू देत. दुसऱ्या दवाखान्याचाही आत्ताच करून टाक."