वास मागं, लिंबू पुढं: आमची सांगलीची वारी नव्हे, वरात

अमावस्या तोंडावर आली तसं मी सुभेदारांना म्हटलं, आता निघायचं. सुभेदार म्हणजे आमचे मालक. फौजेतून रिटायर होऊन जमाना झाला, पण घरात अजून परेड चालते.

शीतल, आमची नात, सांगलीत दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. आणि आठव्यात पोरीला हलवायचं नाही, हाही. अमावस्या झाली की तिला आठवा लागणार होता. लेक, म्हणजे शीतलचा बाप, फौजेत, लांब. सून गोठ्यात, कारण म्हैसही दिवस भरलेली. उरलो आम्ही दोघं म्हातारी माणसं आणि आमची जुनी पांढरी गाडी. त्या गाडीला पेट्रोलचा वास. डोहाळजेवणाला गेलो तेव्हा शीतल नुसती गाडीपाशी आली आणि परत न्हाणीकडं पळाली.

तिच्या सासूनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, तोच धागा धरला. फोनवर म्हणाल्या, "आवं, त्या गाडीतनं मी पोरगी न्हाई पाठवायची. वास घालवून या, न्हाईतर हितंच बाळंत हुईल. सांगलीत दवाखाने काय कमी हाईत?"

बाईंना नातवंड आपल्या दारात हवं होतं, वास आयता मिळाला. भाड्याची गाडी करा म्हटलं, तर सुभेदार म्हणाले, आपली नात आपल्या गाडीतनं येईल. झालं. पुढं बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

आमच्या गावाहून वाईवरून पाचवडला आलं की मोठा रस्ता लागतो. रस्ता चांगला, पण ट्रकवाले तुमच्या बापाचे लागत नाहीत, डाव्या अंगानं चला. आम्ही काचा खाली करून निघालो. माझ्या केसांचं सुगरणीचं घरटं झालं. टोलवरच्या पोरानं मान आत घालून वास घेतला आणि म्हणाला, आजी, आत काडी ओढू नका. म्हटलं, बाबा, आज तोंडसुद्धा उघडत नाही मी.

साताऱ्यात कंदी पेढे घ्यावेत. ताजे घ्यावेत, आणि गाडीला वास असेल तर मांडीवर धरावेत. पेढे घेऊन गॅरेजात गेलो. तिथला कारागीर म्हणाला, पेट्रोल टाकीत असतं, टाकी मागं, तेव्हा वासही मागनंच. त्यानं टाकीच्या झाकणाचं रबर बदललं. मग बॉनेटकडं वळला, तर सुभेदार आडवे उभे.

"पुढचं मी बघितलंय."

असे उभे राहिले की जणू आत तोफखाना आहे. कारागिरानं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? ह्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली, तो असा आडवा कशासाठी उभा राहतो ते मला अजून कळत नाही.

वास गेला नाही. उंब्रजच्या पुढं धूळ यायला लागली म्हणून काचा वर केल्या, गरम झालं म्हणून पंख्याचं बटण फिरवलं, तर भपकन नाकात. बंद केलं, कमी झाला. कराडला संगमावर भाकरी सोडली तेव्हा आणखी एक बघितलं. डिकीत मागं ठेवलेल्या तांदळाला काही वास नव्हता. माझ्या पायाशी ठेवलेले डिंकाचे लाडू मात्र असे झाले होते की एक खाल्ला तर माणूस दुसऱ्या गिअरमध्ये जाईल.

मी म्हटलं, आवं, वास पुढनं येतोय.

"तुला गाडीतलं काय कळतं?"

म्हटलं, गाडीतलं नाही, नाकातलं कळतं. पण ऐकेल तो सुभेदार कसला. कराडच्या गॅरेजात पुन्हा तेच. कारागीर म्हणाला, पुढं बघू द्या, नाहीतर टाकी उतरवावी लागेल, गाडी ठेवून जा, परवा या. परवा तर अमावस्या. सुभेदारांनी बॉनेट उघडू दिलं नाही आणि टाकीही उतरवू दिली नाही. मी पेठ नाक्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. हायवे सोडून आत वळल्यावर दोन्ही बाजूला ऊस, आणि पुढं कारखान्याचे ट्रॅक्टर. हॉर्न वाजवून उपयोग नसतो, त्यांच्यात गाणी चालू असतात. जादा वेळ धरून निघा.

सांगलीत पोचलो. विहीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, आणि लगेच गाडीकडं गेल्या. दार उघडून नाक आत घातलं. असा आनंद झाला बाईला, पण दाखवला नाही. "वास हायच की," म्हणाल्या, आणि वास मारायला पेटती उदबत्ती घेऊन आल्या. मी धावत जाऊन ती हातातून काढून घेतली. म्हटलं, बाई, नातवंड मांडीवर घेऊन बघायचंय का वरनं, देवाघरनं?

सकाळी शीतल पदर नाकाला लावून अंगणात आली. पोटुशीचं नाक म्हणजे नाक नव्हे, पोलिसांचं कुत्रं. तिसऱ्या घरात कशाला फोडणी पडली ते ही सांगते. मागच्या चाकापाशी उभी राहिली. "हितं काय न्हाई, आजी." दारापाशी आली. "हितं थोडा." बॉनेटपाशी आली आणि पदर तोंडात कोंबला.

सुभेदार म्हणाले, "पुढचं मी बघितलंय."

विहीणबाई म्हणाल्या, "मग आमालाबी दावा की."

आता विहिणीला नाही कसं म्हणणार? बॉनेट वर झालं. आत पेट्रोलच्या रबरी नळीला तारेनं बांधलेलं एक लिंबू, सुकून काळं ठिक्कर, खाली मिरच्या आणि बिब्बा. गाडीच्या हादऱ्यानं तार घासून घासून नळीला चीर पडलेली. थेंब गरम इंजिनावर पडायचा आणि तिथंच उडून जायचा, म्हणून खाली कधी डाग दिसला नाही. पंखा तीच हवा आत ओढायचा.

हा तोच माणूस. दसऱ्याला मी गाडीला लिंबू बांधायला गेले, तर म्हणाला होता, फौजेत रणगाड्याला लिंबू बांधत नाहीत, काढ ते.

शीतलनं विचारलं, "आजोबा, हे कवा बांधलं?"

सुभेदार बुटाकडं बघत होते. "तू दोन जिवांची झाल्याचा फोन आला तवा. तुला आणायला हीच गाडी जाणार हुती."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी सोडणारी नाही. विहीणबाईंनी लेकाला फोन करून गॅरेजवाल्याला बोलवायला सांगितलं. तो आला, नवी नळी घातली, तारेऐवजी क्लिप घातली, सांडलेलं पुसून घेतलं. काम छोटं, खर्च पेढ्यांपेक्षा कमी.

तरी विहीणबाई अशा सोडतील होय? काचा बंद करून, पंखा लावून स्वतः पुढं बसल्या. सुभेदारांना मार्केट यार्डापर्यंत पळवलं. परत आल्या त्या हळद आणि भडंग घेऊन, आणि आत जाऊन शीतलची पिशवी भरायला लागल्या. पिशवी देताना मला म्हणाल्या, "बारशाला मी आधी येणार. सांगून ठेवते." म्हटलं, या की, वास नसला तर.

परतीच्या वाटेवर शीतल मागं जी झोपली, ती साताऱ्यातच उठली आणि पेढे मागितले. घरी पोचलो तर म्हैस व्याली होती. सून म्हणाली, रेडी झाली. सुभेदार म्हणाले, शुभशकुन. मी त्यांच्याकडं बघितलं, तसे गप झाले.

काय राहिलं म्हणाल, तर डिंकाचे लाडू राहिले. कुणी खाईना. आणि दुसऱ्या दिवशी, सगळे गोठ्यात असताना, मी गुपचूप बॉनेट उघडून बघितलं. नवं लिंबू होतं. नळीपासून लांब, बाजूच्या लोखंडाला. दोऱ्यानं.

गाठ जरा ढिली होती. मी आवळली आणि बॉनेट लावून टाकलं.