गोडी

चिमणाबाईच्या हातची गोडी पोटात गेली की दुखणेकरी उठून बसतो, अशी सगळ्या शाहूपुरीत ख्याती. घरोघरी आजाऱ्यांची उस्तवार करून पोट भरणारी ही बाई. त्या गोडीत मंत्रबिंत्र काही नाही. मिसळीसोबत आणलेला, उरलेला शिळा ब्रेड वाडग्यात कुस्करायचा, वर साखर, वर उकळतं दूध, आणि ताटली झाकून ब्रेड फुगेपर्यंत गप्प बसायचं.

हे शिकवलं नोरा सिस्टरनं. ती आयर्लंडची नर्स, पण उभा जन्म कोल्हापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात गेला. मराठी बोलायची ती अस्सल इथली, शिव्यांसकट. तिच्या गावी या पदार्थाला ‘गुडी’ म्हणत. चिमणाबाईनं ऐकलं ‘गोडी’. सिस्टर दटावायची, “गोडी न्हवं चिमणा, गुडी!” चिमणाबाई म्हणायची, “व्हय की, गोडीच.” सिस्टर मरेपर्यंत हे भांडण मिटलं नाही. चिमणाबाईनं ते कधी कुणाला सांगितलंही नाही. दोघींचं होतं ते.

सिस्टर गेली आणि एक वेगळंच सुरू झालं. गोडी खाऊन झाली की आजारी माणूस विचारायचं, “पायथ्याला बसलेली ती गोरी म्हातारी कोण गं?” पायथ्याला कुणीच नसायचं. सिस्टरच्या अंगाला यायचा तो दवाखान्यातल्या फिनेलचा वास तेवढा रेंगाळायचा. पहिल्यांदा चिमणाबाईची बोबडीच वळली. पुढं तिनं मनाला समजावलं, माणूस बरं होतंय ना, मग येईना का बिचारी! स्वतःच्या घरात मात्र तिनं गोडी कधी केली नाही. लोकांच्या घरी येते आणि जाते. आपल्याकडं आली आणि इथंच राहिली तर? नुसत्या विचारानं तिच्या अंगावर काटा यायचा.

यंदा तिचा एकुलता एक ऋतुराज टायफॉइडनं अंथरुणाला खिळला. सिस्टर गेल्यानंतर जन्मलेला हा पोरगा, एरवी तालमीतला गडी, आता पाणीही पोटात ठरेना. डॉक्टर म्हणाले, आज काही टिकलं नाही तर दवाखान्यात हलवा, माझा भरवसा नाही. आईच ती. भर दुपारी तिनं दूध तापत ठेवलं.

“शिळा पाव? मी काय कुत्रं हाय व्हय?” ऋतुराज पुटपुटला.

“गप गिळ,” चिमणाबाई म्हणाली. तिनं चमचा पुढं केला.

पहिला घास टिकला. दुसराही. बाहेर ऊन रणरणत होतं आणि खोलीत मात्र गारवा आला. मग तो वास आला. चिमणाबाईनं पायथ्याकडं बघायचं टाळलं आणि चमच्यामागून चमचा भरवत राहिली.

“आणखी घे गोडी,” ती कशीबशी बोलली.

ऋतुराज तिच्या खांद्यापलीकडं बघत होता. कपाळाला आठी घालून म्हणाला, “आई, गोडी न्हवं म्हणत्यात त्या. गुडी.”

चिमणाबाईनं वाडग्यात पाहिलं. चाटूनपुसून रिकामं होतं. पोराच्या ओठांना दूध लागलं होतं. तिला रडू फुटलं. भीती होती, ती गेली नव्हती. तरी तिनं पदर सावरला आणि रिकाम्या पायथ्याकडं तोंड केलं.

“व्हय की, गोडीच,” ती म्हणाली. “बसा सिस्टर. जायाची घाई करू नगा.”