ऑर्मरॉड बंधूंच्या घरचा भोंगा

क्लिफ ऑर्मरॉड गेला त्याच्या नवव्या दिवशी त्याचा भाऊ नेव्हिल माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ग्लेनिस, चोर शिरला की ओरडणारं यंत्र घ्यायचंय. पण घरातल्या मंडळींना सोसेल असं."

घरातली मंडळी म्हणजे दोघा भावांनी पाळलेल्या पाली, सरडे आणि साप. मागच्या खोलीत एकूण अकरा. नेव्हिलचे डोळे कोरडे, दाढी गुळगुळीत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सव्वीस वर्षं मी या दोघांची शेजारीण, पण त्या क्षणी मला त्याचा संताप आला. सख्खा भाऊ शवागारात, आणि ह्याला पालींची पडलीये!

"आत ये, चहा टाकते," मी म्हणाले.

"नको. घरी कुणी नाही," तो म्हणाला, आणि गेलासुद्धा.

मग मला उमगलं. दोघंही बिनलग्नाचे. बर्न्लीच्या कागद कारखान्यात दोघांनी जन्मभर उलटसुलट पाळ्या केल्या, कारण दोघांपैकी एक जण घरी हवाच, असा त्यांचा नियम. पालींना ऊब देणारे दिवे बिघडले तर? चोर आला तर? पबमध्ये मंगळवारी क्लिफ, शुक्रवारी नेव्हिल. चुलत पुतणीच्या लग्नात चर्चला एक गेला, जेवायला दुसरा. वडिलांच्या अंत्यविधीला नेव्हिल, आईच्या वेळी क्लिफ. आम्ही गल्लीतली माणसं हसायचो. त्यांना दोघांना एका फोटोत कुणी पाहिलेलं नव्हतं.

आता पुढच्या गुरुवारी अकरा वाजता क्लिफचा अंत्यविधी होता आणि नेव्हिलला जायचं होतं. बातमी पेपरात आली होती, वेळेसकट, गल्लीच्या नावासकट. म्हणजे चोराच्या हातात किल्ल्याच. दोनच वर्षांपूर्वी पलीकडच्या गावात एका बाईचे सगळे सरडे ती बहिणीच्या अंत्यविधीला गेली असताना चोरांनी उचलले होते, आणि टीव्हीला हातही लावला नव्हता.

मी बसू शकले असते का त्या घरात? असते. पण मंगळवारी पबमध्ये क्लिफची डोमिनोच्या खेळातली जोडीदार मी होते, वीस वर्षं. मलाही त्याला पोचवायचं होतं. शिवाय सापांची मला भीती वाटते. नेव्हिलनं विचारलं नाही आणि मी आपणहून म्हणाले नाही.

अलार्म बसवणारा शफीक शनिवारी आला. चाळिशीचा, बोलका माणूस. नेव्हिलनं मलाही बोलावलं होतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून बघत होते.

"हे बघा," शफीक म्हणाला, "दार फोडलं रे फोडलं की सगळं घर पांढऱ्या धुरानं भरतं. चोराला स्वतःचा हात दिसत नाही."

"आणि ह्यांनी श्वास कुठून घ्यायचा?" नेव्हिलनं विचारलं.

"मग हा भोंगा घ्या. चार गल्ल्यांत ऐकू जातो."

"पाल घाबरली की शेपूट टाकते. साप आठ आठवडे जेवत नाही."

"बरं, मग हा डोळा, म्हणजे सेन्सर. जमिनीवर जनावर फिरतंय हे ओळखून गप्प बसतो. कुत्र्यामांजरांच्या घरी हाच लावतो आम्ही."

"कुत्रा भिंतीवर चढतो का?"

शफीक माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. नेव्हिल हसला नाही. तो चेष्टा करत नव्हताच.

शेवटी शफीक म्हणाला, एकदा बघूया तरी, आणि मागच्या खोलीत साधा डोळा टेकवून धरला. हा डोळा अंगाची ऊब बघतो; माणूस हलला की त्यात लाल दिवा लागतो. "चाला बघू खोलीतून," तो म्हणाला. नेव्हिल चालला. दिवा लागला नाही. परत चालला, हात हलवत. काही नाही.

शफीकनं भिंतीवरचं तापमान पाहिलं. तेहतीस. बाकीचे लोक एकेक काचपेटी तापवतात. ह्या दोघा भावांनी चाळीस वर्षं अख्खी खोलीच तापवली होती.

"खोली तुमच्याइतकीच गरम आहे, मिस्टर ऑर्मरॉड. तुम्ही इथे आहात हे त्याला कळतच नाहीये."

"हं. मलाही कळत नाही," नेव्हिल म्हणाला. आवाज असा, की बसची वेळ सांगतोय.

मग ठरलं ते असं: डोळा फक्त पुढच्या दाराच्या आतल्या बोळात. मागच्या खोलीच्या दार-खिडकीला नुसती पट्टी, उघडली तर कळेल एवढी. भोंगा छोटा, तोही बोळात. मंगळवारी शफीकनं सगळं बसवलं आणि कागद काढला.

"घरात माणसं किती? प्रत्येकाला वेगळा आकडा देतो."

"दोन," नेव्हिल म्हणाला.

शफीकनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं दोन आकडे लिहून दिले.

"आकडा दाबला की अर्धं मिनिट टिकटिक होईल. तेवढ्यात बाहेर पडायचं आणि दार ओढून घ्यायचं. बास." नेव्हिलनं त्याच्यासमोर चार वेळा करून दाखवलं. चारही वेळा जमलं.

गुरुवारी पावणेअकराला क्लिफची शवपेटी घेऊन गाडी दारात आली, मागे आमच्यासाठी काळी मोटार. अंत्यविधीवाल्यांचा उंच टोपीवाला माणूस फुटपाथवर मान खाली घालून उभा. समोरच्या घरांचे पडदे बाजूला झालेले. नेव्हिल काळ्या कोटात तयार होता. त्यानं आकडा दाबला. टिकटिक सुरू झाली. मी बाहेर आले आणि वळून पाहिलं.

तो बोळातच उभा होता. दार सताड उघडं, समोर गाडीतली शवपेटी दिसत होती, आणि पाय उंबऱ्याच्या आत.

"नेव्हिल, चल की रे!"

टिकटिक जोरात व्हायला लागली. त्यानं एक पाऊल उचललं आणि तिथेच परत ठेवलं. मग भोंगा सुटला. छोटा म्हणून घेतलेला, पण कान फाटले. टोपीवाला दचकला. मी कान झाकले. नेव्हिलनं झाकले नाहीत. चोर म्हणून स्वतःच्याच घरात धरला गेला होता, पण चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. सावकाश वळून त्यानं आकडा दाबला.

एकदम शांत झालं.

"मी थांबते," मी म्हणाले. "पाय खुर्चीवर घेऊन बसेन, पण थांबते. तू जा. तुझा भाऊ आहे तो." खरं सांगते, म्हणतानाही मनात होतं की त्यानं नको म्हणावं. त्याची मला अजून लाज वाटते.

"नको गं," तो म्हणाला. "आज जायची पाळी त्याची आहे."

मला हुंदका फुटला. त्यानं माझ्या कोटाची वळलेली कॉलर सरळ केली, गाडीकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी मोटारीत जाऊन बसले आणि क्लिफच्या मागोमाग एकटीच निघाले.